नव्या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपची अक्षरं मुंगीएवढी दिसतात? आधी चार आकडे लिहून घ्या

आमच्या ऑफिसात अकाउंट्स सांभाळणाऱ्या काकूंचा मार्चअखेरीच्या गडबडीत फोन आला. "अरे, या नव्या लॅपटॉपवर ऑफिसचं मशीन उघडलं की हिशेबाच्या खिडकीतलं काहीच वाचता येत नाही. मुंगीएवढी अक्षरं. हा परत देऊन जुनाच वापरू का?" त्या दोन दिवस लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये नाना बदल करून बघत होत्या. प्रत्येक बदलाने लॅपटॉपवरचं बाकी सगळं बिघडत गेलं आणि हिशेबाची खिडकी होती तशीच राहिली. कारण बिघाड लॅपटॉपवर नव्हताच. बदल करायचा होता तो ऑफिसच्या मशीनवर.

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे आपल्या लॅपटॉपवरून दुसरीकडचं मशीन उघडून चालवताना, अक्षरांचा आकार बिघडला की बहुतेक जण इथेच चुकतात, त्यामुळे हा लेख मुद्दाम नवख्यांसाठी सविस्तर लिहितो आहे. हे दुर्लक्ष करण्यासारखं दुखणं नाही. १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक वाचताना इंग्रजी बी आणि ८ यांत घोटाळा झाला, तर सगळी एंट्री पुन्हा तपासावी लागते. दिवसभर पडद्याला नाक लावून बसल्याने डोळे, मान आणि पाठ दुखते ती वेगळीच.

एक सूचना. सेटिंगची, कमांडची आणि फाइलमधल्या ओळींची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

हे होतं कशामुळे

विंडोजचं जुनं गणित एका इंचात ९६ ठिपक्यांचं आहे. त्यालाच १०० टक्के स्केल म्हणतात. १२५ टक्के म्हणजे १२०, १५० टक्के म्हणजे १४४ आणि २०० टक्के म्हणजे १९२. मेनूमधलं नेहमीचं ९ पॉइंटचं अक्षर १०० टक्क्यांना १२ ठिपके उंचीच्या जागेत बसतं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ ठिपके असतात, त्यामुळे या १२ ठिपक्यांना सव्वातीन मिलिमीटर मिळतात. काकूंच्या १४ इंची लॅपटॉपचा पडदा होता २८८०×१८०० ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला सुमारे २४३. तिथे तेच १२ ठिपके सव्वा मिलिमीटरमध्ये मावतात. म्हणून असे लॅपटॉप स्केल १७५ किंवा २०० टक्क्यांवर ठेवूनच दुकानातून येतात, आणि लॅपटॉपवरची स्वतःची कामं छान दिसतात.

रिमोट डेस्कटॉपमध्ये मात्र चित्र दुसरंच मशीन काढतं आणि तुमच्याकडे ते फक्त दाखवलं जातं. त्यामुळे आकार तीन ठिकाणी ठरू शकतो. पहिलं ठिकाण तुमचा लॅपटॉप, दुसरं जोडणी करणारा प्रोग्राम आणि तिसरं पलीकडचं मशीन. या तिसऱ्या ठिकाणीही एकेक सॉफ्टवेअर आपापल्या मर्जीने वागतं. विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून जोडणी होतानाच लॅपटॉप आपलं स्केल पलीकडे कळवतो आणि पलीकडचं मशीन त्याप्रमाणे चित्र काढतं. त्याआधीच्या विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ मध्ये ही सोय नव्हती. कितीतरी लहान ऑफिसांत असा जुना सर्व्हर आजही इमानेइतबारे चालू आहे, आणि नवा लॅपटॉप त्याला जोडला की सगळं बारीक दिसतं.

पहिली पायरी: चार आकडे

काहीही बदलण्याआधी वही घ्या आणि चार आकडे लिहा.

लॅपटॉपवर सेटिंग्ज उघडा, सिस्टिम आणि मग डिस्प्ले. तिथलं स्केल आणि रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे आणि उभे ठिपके) लिहा. आता रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनला जोडा आणि तिथेही त्याच जागी जा. रिमोट जोडणीत हे पान बहुधा बदलता येत नाही. डिस्प्लेची सेटिंग रिमोट सेशनमधून बदलता येत नाही, असा संदेश वर दिसतो. त्याने घाबरून जाऊ नका. आपल्याला आकडे बदलायचे नाहीत, वाचायचे आहेत.

चारही आकडे समोर आले की अर्धं निदान झालं. काकूंच्या बाबतीत लॅपटॉपवर २८८०×१८०० आणि २०० टक्के होतं, पलीकडेही २८८०×१८०० आणि २०० टक्केच. म्हणजे स्केल नीट पोहोचलं होतं, जोडणीत खोट नव्हती. पलीकडे १०० टक्के दिसलं असतं, तर स्केल वाटेतच गळलं असा अर्थ झाला असता. आणि पलीकडचं रिझोल्यूशन १९२०×१०८० असूनही चित्र पूर्ण पडदाभर दिसत असेल, तर मधला प्रोग्राम ते ताणून दाखवतो आहे.

आता नजरेने बघा. पलीकडचा टास्कबार, स्टार्ट मेनू, नोटपॅड हे सगळंच बारीक आहे, की एकच सॉफ्टवेअर? अक्षरं बारीक पण सुरीच्या धारेसारखी स्पष्ट आहेत, की मोठी पण धुरकट? ही तपासणी मराठी अक्षरांनी फार चांगली होते. पलीकडच्या नोटपॅडमध्ये 'आंबा' आणि 'आबा' असे दोन शब्द एकाखाली एक टाइप करा. नंतर 'शिंदे', 'क्षुल्लक', 'वर्ष' लिहा. १०० टक्क्यांना अनुस्वार म्हणजे जेमतेम एक-दोन ठिपके. चित्र ताणलं गेलं असेल तर तो टिंब शिरोरेषेत विरघळतो, रफार पुसट होतो आणि 'शिंदे' लांबून 'शिदे' वाचलं जातं. इंग्रजीत हा धुरकटपणा चटकन लक्षात येत नाही, देवनागरीत लगेच येतो.

दुसरी पायरी: खरोखर साइन आउट करा

ही पायरी सगळ्यात सोपी आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हीच लागू पडते.

बरेच जण दिवसभर ऑफिसात मशीनवर बसतात, संध्याकाळी ते तसंच लॉक करून घरी येतात आणि लॅपटॉपवरून जोडतात. म्हणजे सेशन (साइन इन केल्यापासून साइन आउट करेपर्यंत चालू राहणारं तुमचं काम) तेच असतं. सकाळी ते १०० टक्क्यांच्या मॉनिटरवर सुरू झालेलं असतं, आता त्याला २०० टक्क्यांचा पडदा मिळतो. नवी सॉफ्टवेअर जुळवून घेतात, पण सकाळी उघडलेली कित्येक जुनी सॉफ्टवेअर त्यांच्या जन्माच्या वेळचंच स्केल धरून बसतात. मग विंडोज त्यांचं चित्र ताणतं आणि ती धुरकट होतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलात की नेमकं उलटं. आदल्या रात्री घरून उघडलेलं सॉफ्टवेअर राक्षसासारखं मोठं किंवा पुसट दिसतं.

आधी ते सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. विंडोज १० आणि ११ वर अनेकदा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर सगळं काम सेव्ह करा, पलीकडच्या स्टार्ट मेनूत तुमच्या नावावर क्लिक करा आणि साइन आउट निवडा. मग नव्याने जोडा.

वरच्या निळ्या पट्टीवरची फुली दाबणं म्हणजे साइन आउट नव्हे. फुलीने जोडणी तुटते, पण पलीकडे तुमचं सेशन सगळ्या उघड्या खिडक्यांसह तसंच चालू राहतं. पुन्हा जोडलं की तेच जुनं सेशन हातात येतं, आणि "मी दहा वेळा बंद करून चालू केलं, काही फरक नाही" असं वाटू लागतं. मी स्वतः एका सर्व्हरवर असाच दुपारभर झगडलो होतो. शेवटी साइन आउट केलं आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं. तेव्हापासून या लेखातला कुठलाही बदल केला की मी आधी साइन आउट करतो आणि मगच निकाल बघतो. साइन आउटने उघडी सॉफ्टवेअर बंद होतात, तेव्हा सेव्ह न केलेली व्हाउचर एंट्री आधी पूर्ण करा.

तिसरी पायरी: जोडणीच्या खिडकीतली सेटिंग

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एमएसटीएससी टाइप करा, एंटर. रिमोट डेस्कटॉप कनेक्शनची छोटी खिडकी उघडेल. डावीकडे खाली शो ऑप्शन्स आहे, त्यावर क्लिक करा. आता वर जनरल, डिस्प्ले, लोकल रिसोर्सेस, एक्सपीरियन्स आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे टॅब दिसतील.

डिस्प्ले टॅबमधली सरकपट्टी अगदी उजवीकडे, फुल स्क्रीनवर न्या. कधीतरी कुणीतरी ती १३६६×७६८ वर ठेवलेली असते, आणि मग चित्र पडद्याच्या मधोमध टपाल तिकिटासारखं दिसतं. एक्सपीरियन्स टॅबमध्ये फॉन्ट स्मूदिंगची खूण आहे का ते बघा. ती नसेल तर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. मग जनरल टॅबवर या आणि सेव्ह अ‍ॅज दाबून ही जोडणी डेस्कटॉपवर फाइल म्हणून ठेवा. पुढच्या पायऱ्यांत हीच फाइल लागणार आहे.

फाइलवर उजवं क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. आत साध्या ओळी असतात. प्रत्येक ओळीत आधी सेटिंगचं नाव, मग कोलन, मग इंग्रजी आय हे अक्षर, पुन्हा कोलन आणि शेवटी आकडा. त्यातल्या तीन ओळी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली स्मार्ट सायझिंग. दोन शब्दांमध्ये एक जागा, शेवटी १ असेल तर चालू आणि ० असेल तर बंद. चालू असताना पलीकडचं चित्र तुमच्या खिडकीच्या मापाला ताणलं किंवा आवळलं जातं. जुन्या सर्व्हरसाठी हाच खरा आधार आहे, पण अक्षरं थोडी धुरकट होतात. दुसरी डायनॅमिक रिझोल्यूशन. ही चालू असली की खिडकी लहानमोठी केल्यावर पलीकडचं मशीन आपलं रिझोल्यूशनच बदलतं, आणि अक्षरं स्वच्छ राहतात. पलीकडे विंडोज ८.१ किंवा त्यानंतरचं काही असेल तर स्मार्ट सायझिंग बंद ठेवा आणि डायनॅमिक रिझोल्यूशन चालू.

तिसरी ओळ डेस्कटॉप स्केल फॅक्टर. यातले तिन्ही शब्द जोडून, लहान अक्षरांत लिहायचे. आकडा १००, १२५, १५०, १७५, २००, २५०, ३००, ४०० किंवा ५०० यांपैकीच हवा. १६० वगैरे चालत नाही. लॅपटॉपचं स्केल एक आणि पलीकडचं वेगळं हवं असेल तर ही ओळ उपयोगी पडते. जोडणी करणारा प्रत्येक प्रोग्राम ही ओळ मानतोच असं नाही. त्यामुळे बदल केल्यावर पहिल्या पायरीसारखं पलीकडचं स्केल पुन्हा वाचून खात्री करा.

पलीकडे जुना सर्व्हर असेल तर

सर्व्हर २००८ आर२ किंवा विंडोज ७ ला जोडलं आणि सगळंच बारीक पण स्पष्ट दिसलं, तर स्केल पोहोचलेलं नाही. अशा वेळी जोडणीच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून बघा. विंडोज १० आणि ११ मधल्या प्रोग्रामात तिथे झूम दिसतो. पलीकडे जुना सर्व्हर असताना त्यातून १५० किंवा २०० टक्के निवडता येतं. सगळ्यात कमी त्रासाचा उपाय हाच.

झूम मिळाला नाही तर रिझोल्यूशनच निम्मं मागा. ३८४०×२१६० च्या पडद्यावर डिस्प्ले टॅबमध्ये १९२०×१०८० ठेवा आणि फाइलमध्ये स्मार्ट सायझिंग चालू करा. प्रमाण बरोबर दुप्पट असल्यामुळे पलीकडच्या प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला इथले चार येतात आणि अक्षरांच्या रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या राहतात. १६००×९०० सारखं मधलंच काही घेतलंत तर एक काना जाड, शेजारचा बारीक असं दिसतं. २८८०×१८०० साठी १४४०×९०० घ्या. ते यादीत नसेल तर फाइलमधल्या डेस्कटॉप विड्थ आणि डेस्कटॉप हाइट या ओळींत आकडे हाताने घाला. तिथेही शब्द जोडून लिहायचे. शिवाय स्क्रीन मोड आयडीच्या ओळीत १ ठेवा, म्हणजे जोडणी फुल स्क्रीनऐवजी खिडकीत उघडेल. मग ती खिडकी मोठी करा.

याचा आणखी एक फायदा आहे. ३८४०×२१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके आणि १९२०×१०८० म्हणजे २१ लाखांहून थोडे कमी. गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करत असाल तर चौपट ठिपके ओढण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा, मग पलीकडचं मशीन नवं असलं तरी.

इंटरनेटवर याच दुखण्यावर एक जुना तोडगा फिरत असतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद करायची, विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट नावाची फाइल ठेवायची आणि जोडणीच्या प्रोग्रामला स्केलबद्दल आंधळं करायचं. तो चालतो, हे खरं. पण त्या नोंदीमुळे विंडोज इतर प्रोग्रामांच्या बाबतीतही बाहेर ठेवलेल्या मॅनिफेस्ट फाइली मानायला लागतं. वरच्या दोन्ही उपायांनी काम होत असताना नवख्या माणसाने सिस्टिम फोल्डरमध्ये हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच सॉफ्टवेअर बिघडलं असेल तर

काकूंचा प्रश्न हाच होता. पलीकडचा टास्कबार छान, नोटपॅड छान, फक्त हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर मुंगीएवढं.

सॉफ्टवेअर सुरू होताना विंडोजला सांगतं की मला स्केल कळतं किंवा कळत नाही. 'कळत नाही' म्हणणारं सॉफ्टवेअर विंडोज स्वतः ताणून दाखवतं. आकार बरोबर येतो, अक्षरं थोडी पुसट होतात. खरा घोळ होतो तो 'मला कळतं' असं सांगून प्रत्यक्षात सगळं ठिपक्यांत मोजून काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा. विंडोज त्याच्यावर विश्वास ठेवून बाजूला होतं आणि अक्षरं सव्वा मिलिमीटरची राहतात.

हे तपासता येतं. पलीकडच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅबवर जा, वरच्या रकान्यांच्या नावांवर उजवं क्लिक करून सिलेक्ट कॉलम्स घ्या आणि डीपीआय अवेअरनेसला खूण करा (डीपीआय म्हणजे एका इंचातले ठिपके). आता प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे अनअवेअर, सिस्टिम किंवा पर-मॉनिटर असं लिहून येईल. ही सोय विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये आहे. काकूंच्या सॉफ्टवेअरपुढे 'सिस्टिम' होतं. म्हणजे स्केल कळतं असा त्याचा दावा होता.

मी फोनवर सांगत गेलो तसं त्या करत गेल्या. "काकू, लॅपटॉपचा डेस्कटॉप नको, ऑफिसच्या मशीनचा डेस्कटॉप. तिथल्या हिशेबाच्या आयकॉनवर उजवं क्लिक करा. सगळ्यात खाली प्रॉपर्टीज."

"हं, झालं. कम्पॅटिबिलिटी दिसतंय."

"त्यावर जा. आता चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज."

त्या खिडकीत तळाशी ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेवियर अशी चौकट आहे. तिला खूण केली की खालची यादी उघडते आणि तीन पर्याय मिळतात. अ‍ॅप्लिकेशन म्हणजे सॉफ्टवेअरला हवं ते करू द्या. सिस्टिम म्हणजे विंडोजने त्याचं चित्र ताणावं. सिस्टिम एनहान्स्ड हा तिसरा पर्याय २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीत आला. यात जुन्या पद्धतीने काढलेली अक्षरं विंडोज मोठ्या मापात नव्याने काढायला लावतं, त्यामुळे ती स्वच्छ दिसतात. आधी एनहान्स्डच करून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये त्याने रकाने एकमेकांवर चढतात किंवा बटणांवरची अक्षरं कापली जातात. तसं झालं तर सिस्टिम घ्या.

काकूंकडे एनहान्स्डने खातेवहीचे आकडे रकान्याबाहेर सरकले, म्हणून आम्ही सिस्टिमवर आलो. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडल्यावर अक्षरं बरोबर दुप्पट झाली. किंचित मऊ, पण सहज वाचता येतील अशी. लॅपटॉपचं स्केल २०० असणं इथे कामी आलं. १७५ असतं तर ताणलेल्या अक्षरांच्या कडा जास्त फिसकटल्या असत्या. ताणून दाखवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी १०० किंवा २०० हे आकडे १२५ आणि १७५ पेक्षा केव्हाही चांगले.

सॉफ्टवेअर सर्व्हरवर सगळ्यांचं मिळून एकच असेल, तर हा बदल तुमच्या लॉगिनपुरता राहतो. त्याच खिडकीशेजारी सगळ्या युजरांसाठी बदल करण्याचं बटण आहे, ते ऑफिसचे मशीन सांभाळणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय दाबू नका.

सगळं अवाढव्य दिसत असेल तर

हे दुखणं उलट्या दिशेचं. लॅपटॉप २०० टक्क्यांवर आणि रिमोट डेस्कटॉप तुम्ही अर्ध्या पडद्याच्या खिडकीत उघडता. पलीकडे तेही २०० टक्के घेऊन काढलं जातं आणि त्या खिडकीत जेमतेम चार आयकॉन मावतात. डायलॉग बॉक्सचं ओके बटण पडद्याच्या खाली निघून जातं, आणि माणूस एंटर दाबून अंदाजाने काम करत राहतो.

इथे एक छोटा भागाकार करा. ठिपक्यांना स्केलने भागलं की कामाची खरी जागा कळते. २८८० भागिले २ म्हणजे १४४०, १८०० भागिले २ म्हणजे ९००. १७५ टक्क्यांना ती साधारण १६४६×१०२९ होते, १५० ला १९२०×१२००. तुमच्या सॉफ्टवेअरला किती जागा लागते ते ऑफिसच्या मॉनिटरवरून कळतंच. त्या हिशेबाने लॅपटॉपचं स्केल एक पायरी खाली आणा, साइन आउट करून पुन्हा जोडा. एवढ्यात बहुतेकांचं काम होतं.

लॅपटॉपचं स्केल बदलायचं नाही आणि डेस्कटॉप स्केल फॅक्टरची ओळही मानली जात नाही, अशी अडचण असेल तर पलीकडच्या मशीनला लॅपटॉपचं स्केल ऐकूच नको असं सांगता येतं. त्यासाठी पलीकडच्या रजिस्ट्रीत एचकेईवाय लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर आणि विनस्टेशन्स असं जायचं. तिथे ३२ बिटचं डीवर्ड, म्हणजे आकडा ठेवणारी नोंद, तयार करायचं. नाव इग्नोअर क्लायंट डेस्कटॉप स्केल फॅक्टर, सगळे शब्द जोडून, आणि मूल्य १. मग साइन आउट. याला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, आणि त्या मशीनला जोडणाऱ्या प्रत्येकावर परिणाम होतो. तेव्हा आधी त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून एक्स्पोर्टने प्रत काढून ठेवा. दहा जण वापरत असलेल्या सर्व्हरवर हा बदल एकट्यासाठी करू नका. बाकीच्या नऊ जणांपैकी कुणाची तरी अक्षरं यामुळे मुंगीएवढी होतील.

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला असेल तर

लॅपटॉप २०० वर, शेजारचा २४ इंची मॉनिटर १०० वर. रिमोट खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढली की अक्षरं कधी फुगतात, कधी आक्रसतात. माझा सल्ला सरळ आहे. जिथे काम करायचं त्या पडद्यावर खिडकी उघडा आणि तिथेच ठेवा. डिस्प्ले टॅबमधली सगळे मॉनिटर वापरण्याची खूण काढून टाका. तीनपैकी दोनच पडदे हवे असतील तर रन खिडकीत एमएसटीएससी, जागा, तिरपी रेघ आणि एल टाइप करा. मॉनिटरांचे क्रमांक दिसतील. फाइलमधल्या सिलेक्टेड मॉनिटर्सच्या ओळीत ते स्वल्पविरामाने लिहा. या ओळीत आयच्या जागी एस येतो, आणि सोबत यूझ मल्टिमॉनची ओळ १ वर हवी.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

मॅकवर मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप सप्टेंबर २०२४ पासून विंडोज अ‍ॅप या नावाने मिळतो. त्यात त्या मशीनच्या नोंदीवर एडिट, मग डिस्प्ले. रेटिना डिस्प्लेसाठी ऑप्टिमाइझ करण्याची खूण लावली की अक्षरं धारदार होतात, पण इंटरनेटवर भार वाढतो. खिडकीचं माप बदलल्यावर सेशनचं रिझोल्यूशन बदलण्याचा पर्यायही तिथेच आहे.

लिनक्सवर रेमिना वापरत असाल तर जोडणीच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात डेस्कटॉप स्केल फॅक्टर मिळेल. टर्मिनलवरून फ्रीआरडीपी चालवणाऱ्यांनी स्केल-डेस्कटॉप या पर्यायात १०० ते ५०० मधला आकडा द्यावा. स्मार्ट सायझिंग आणि डायनॅमिक रिझोल्यूशन तिथे एकत्र चालत नाहीत, दोन्हींपैकी एकच घ्या.

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांचं तंत्र निराळं आहे. ते पलीकडच्या मॉनिटरवर जे दिसतं त्याचंच चित्र पाठवतात, तुमच्या लॅपटॉपचं स्केल पलीकडे जात नाही. त्यामुळे स्केल बदलायचं ते पलीकडच्या मशीनच्या डिस्प्ले सेटिंगमध्येच, किंवा त्या प्रोग्रामच्या चित्र ताणण्या-आवळण्याच्या पर्यायातून.

शेवटचं काम: दोन फाइली

सगळं जमलं की जोडणीची फाइल दोन प्रतींत ठेवा. एक लॅपटॉपच्या पडद्यासाठी, एक बाहेरच्या मॉनिटरसाठी, आणि त्यांना तशी नावं द्या. काकूंच्या डेस्कटॉपवर आता 'घर' आणि 'मॉनिटर' अशा दोन फाइली आहेत. पहिल्या पायरीतले चार आकडे त्यांनी डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर अक्षरं पुन्हा बदलली, तर त्या पानावरचे आकडे आणि पडद्यावरचे आकडे ताडून बघायचे. जो आकडा बदलला असेल त्याच बाजूला हात घालायचा, एका वेळी एकच बदल करून.